छापखान्याच्या मागोमाग आइसलँड

शनिवार, विदेय बेट

आइसलँडच्या वृत्तपत्रांचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर संपादकांची नावं पाठ करत बसू नये. छापखाना कुठून कुठे हलला ते बघावं. १७९९ ते १८५२ या काळात सबंध देशात एकच छापखाना चालू होता. तो ज्याच्या आवारात, त्याचं मासिक निघे. बाकीच्यांनी कोपनहेगनला जायचं (देशावर तेव्हा डेन्मार्कचं राज्य होतं) किंवा गप्प बसायचं. आज आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडपेक्षाही कमी. १८०१ च्या जनगणनेत ती ४७,२४० होती. एवढ्याशा वाचकवर्गावर नियतकालिक चालवायचं, तर कागद, खिळे (छपाईची सुटी अक्षरं), टपाल आणि परवाना या चार गोष्टी विचारांपेक्षा आधी येतात. आमचा मार्ग त्याच हिशेबाने आखला आहे.

सुरुवात विदेयपासून, कारण ते राजधानी रेक्याविकच्या दारातच आहे. स्कार्फाबाक्की धक्क्यावरून होडी सुटते आणि पाच-सात मिनिटांत बेटावर पोचते. उन्हाळ्यात ती रोज असते, हिवाळ्यात फक्त शनिवार-रविवारी. आठवडा शनिवारी सुरू करायचं एक कारण हेही. परतीची शेवटची होडी दुपारनंतर लवकरच सुटते, तेव्हा उतरतानाच वेळ विचारून ठेवावी. बेटावर वारा अडवायला झाड नाही. जूनमध्येही वारा अडवणारं जाकीट हवं, छत्री निरुपयोगी.

धक्क्यावरून चढ चढला की पांढरं दगडी घर दिसतं. १७५५ मध्ये पुरं झालेलं हे विदेयार्स्तोवा. शेजारी १७७४ चं चर्च. इथे माग्नूस स्तेफेन्सेन राहत होता. देशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश आणि ज्ञानप्रसाराचा कट्टर पुरस्कर्ता. १८१९ मध्ये त्याने देशातला एकमेव छापखाना या बेटावर आणला. त्याचं ‘क्लॉयस्तुरपोस्तुरिन’ हे मासिक १८१८ ते १८२६ चाललं. परदेशच्या बातम्या, व्यापाराचे भाव, शेतीचे सल्ले, मृत्यूच्या नोंदी, कविता असा सगळा ऐवज, आणि बहुतेक मजकूर एकट्या माग्नूसच्या हातचा.

हातयंत्रावर अशा मासिकाला किती श्रम पडत ते जरा मांडून बघू. अष्टपत्री आकारात एका तावावर १६ पानं बसतात, एका बाजूला आठ. जुळाऱ्याने खिळे जुळवून आठ पानं चौकटीत घट्ट कसायची. ताव आदल्या दिवशी ओलसर करून दाबून ठेवायचे, कारण कोरड्या जाड कागदावर शाई सारखी बसत नाही. एका माणसाने कातडी गोळ्यांनी खिळ्यांना शाई लावायची, दुसऱ्याने ताव घालून दांडा ओढायचा. सराईत जोडी तासाला दोन-अडीचशे दाब काढते. म्हणजे ५०० प्रतींच्या एका तावाला दोन्ही बाजू मिळून १००० दाब, चार-पाच तासांचं काम. मग वाळवण. दमट हवेच्या या देशात ताव दोरीवर टाकले की वाळायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसे. छपाईपेक्षा जुळणीला वेळ जास्त, कारण खिळे मोजकेच. एक फर्मा (चौकटीत कसलेली आठ पानं) छापून, खिळे सोडवून परत खणात टाकल्याशिवाय पुढची पानं जुळवता येत नाहीत.

माग्नूस १८३३ मध्ये वारला, छापखाना १८४४ पर्यंत इथेच होता. यंत्र आज बेटावर नाही. मात्र घर आत जाऊन बघता येतं. खिडकीतून समोर रेक्याविक दिसतं तेव्हा एक गोष्ट चटकन पटते. शहरात राहणाऱ्याला मुद्रितं (तपासायच्या कच्च्या प्रती) बघायलासुद्धा होडी करावी लागे.

रविवार, लेइरारगार्दार ते स्टिकिस्होल्मुर

भाड्याची गाडी सकाळीच घ्यावी. बऱ्याच पेट्रोल पंपांवर माणूस नसतो आणि यंत्र कार्डाचा पिन मागतं. पिन नसलेलं कार्ड तिथे चालत नाही. गाडीचं दार वाऱ्याच्या दिशेने उघडलं तर बिजागरी वाकते आणि ते नुकसान विम्यात सहसा धरत नाहीत.

रेक्याविकच्या उत्तरेला ह्वाल्फ्योर्दुरच्या बोगद्यातून पलीकडे निघालं की थोड्याच अंतरावर लेइरारगार्दार आणि बेइतिस्तादिर ही शेतघरं आहेत. दोन्ही खासगी. रस्त्यावरूनच बघायचं, अंगणात शिरायचं नाही. बघण्यासारखं म्हटलं तर काही नाही, पण विदेयच्या आधीचे छापखान्याचे दोन मुक्काम हेच. १७९५ मध्ये माग्नूसच्या पुढाकाराने चालणाऱ्या लोकशिक्षण संस्थेने पश्चिमेकडचा ह्राप्सेयचा छापखाना विकत घेऊन लेइरारगार्दारला आणला. १७९९ मध्ये उत्तरेकडचा होलारचा जुना छापखानाही इथेच ओढून आणला. इथून १७९६ पासून ‘मिन्निस्वेर्द तीदिन्दी’ निघू लागलं. आइसलँडिक भाषेतलं, देशातच छापलेलं हे पहिलं नियतकालिक, १८०८ पर्यंत चाललं. १८१५ मध्ये छापखाना शेजारच्या बेइतिस्तादिरला गेला, तिथून चार वर्षांनी बेटावर. मक्तेदारीचा राग लोकांनी माग्नूसच्या १८०१ च्या स्तोत्रसंग्रहावर काढला. इथल्या गावाच्या नावावरून त्या पुस्तकाला ‘लेइरगेर्दुर’ असं टोपणनाव पडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

मराठीत ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चं. मुंबईत तेव्हा छापखाने अनेक होते, सरकारी, मिशनऱ्यांचे, खासगीही. म्हणूनच बाळशास्त्री जांभेकरांना दुसऱ्याचा छापखाना शोधायची मुभा होती. आइसलँडमध्ये ती नव्हती, आणि पुढची भांडणं बहुतेक त्यातूनच उपजली.

स्टिकिस्होल्मुर रेक्याविकपासून सुमारे १७० किमी. बंदराच्या मागच्या टेकडीवरच्या लाल दीपगृहापाशी उभं राहिलं की ब्रेइदाफ्योर्दुरमधली शेकडो बेटं पसरलेली दिसतात. ह्राप्सेय त्यांतलंच एक, आता निर्मनुष्य. नेहमीच्या सफरीच्या बोटी तिथे उतरवत नाहीत, लांबूनच बघायचं. १७७३ मध्ये ओलाफुर ओलाविउस आणि बेटाचा धनी बोगी बेनेदिक्त्सोन यांनी तिथे छापखाना घातला. चर्चच्या ताब्यात नसलेला देशातला हा पहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ‘इस्लान्द्स्के मानेद्स-तिदेन्दे’ हे देशातलं पहिलं मासिक सुरू झालं. संपादक जिल्हाधिकारी माग्नूस केतिल्सोन. भाषा मात्र डॅनिश, कारण विकत घेणारा वाचक डेन्मार्कमध्ये होता. मासिक तीन वर्षांत बंद पडलं. बेटावर कागद येणार होडीतून, अंक जाणार होडीतून, हिवाळ्यात होडीच नाही. एवढ्यावर तीन वर्षं काढली याचंच नवल.

वेळ असेल तर इथूनच ‘बाल्दुर’ फेरीने फ्लातेय बेटावर जावं. १८६४ चं इवलंसं ग्रंथालय तिथे अजून उभं आहे. या बेटावरच्या मंडळींनी १८४७ ते १८५५ या काळात ‘गेस्तुर वेस्तफिर्दिंगुर’ नावाचं वार्षिक काढलं. संपादन बेटावर, छपाई बाहेर.

सोमवार, उत्तरेकडे

नुसता प्रवास. स्कोगार्स्त्रोन्दचा रस्ता बराच खडीचा आहे. ताशी ५०-६० च्या वर गेलं की गाडी घसरते आणि समोरच्या गाडीचे खडे काचेवर बसतात. पुढे बूदार्दालुर, मग डोंगर ओलांडून मुख्य रस्ता क्रमांक १, मग सॉयदारक्रोकुर. अंतर पावणेतीनशे किमीच्या आसपास, खडीमुळे पाच तास धरावेत.

सॉयदारक्रोकुर हे जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचं गाव. इथून ‘फेइकिर’ हे साप्ताहिक १९८१ पासून निघतं. गावातलाच छापखाना ते काढतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जाहिरातपत्रकं यांवर घर चालतं आणि त्याच यंत्रावर साप्ताहिक. आपल्याकडे तालुक्याच्या साप्ताहिकांचं गणित याहून फार वेगळं नव्हतं. अंक पेट्रोल पंपावर मिळतो, जरूर घ्यावा. भाषा येत नसली तरी शाळेची नाटकं, घोड्यांच्या शर्यती, मेंढ्यांची हाकाटणी, वाढदिवस यांची छायाचित्रं बघून कळतं की गावाला वर्तमानपत्र कशासाठी लागतं.

मंगळवार, होलार आणि ओक्स्नादालुर

होलार सॉयदारक्रोकुरहून अर्ध्या तासावर. शेवटचा कॅथलिक बिशप योन आरासोन याने १५३० च्या सुमाराला देशातला पहिला छापखाना इथे आणला, मुद्रक होता स्वीडनहून आलेला योन मात्थियासोन. पुढे बिशप गुद्ब्रान्दुर थोर्लाक्सोन याने १५८४ मध्ये संपूर्ण बायबल आइसलँडिकमध्ये छापलं, ५०० प्रती. तांबूस दगडाच्या कॅथेड्रलमध्ये (१७६३) त्याची प्रत ठेवलेली आहे. उन्हाळ्यात दिवसा चर्च उघडं असतं. बाहेरच्या मोसमात आधी चौकशी करून जावं.

प्रत काचेआड असते, पण दोन गोष्टी लांबूनही दिसतात. एक, गॉथिक वळणाचा खिळा. आइसलँडमधली छपाई एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः याच वळणात होती आणि आज संगणकाला ती वाचताना जी अडचण येते तिचं मूळ इथे आहे. दुसरी, खास अक्षरं. थोर्नसारख्या (‘थ’ उच्चाराच्या) आइसलँडिक अक्षरांचे खिळे युरोपातल्या ओतशाळांच्या नेहमीच्या संचात नसत. ते वेगळे घडवून घ्यावे लागत. ते कमी पडले की काम अडलं. दोनशे-अडीचशे वर्षं इथून धर्मग्रंथ बाहेर पडले, वर्तमानपत्र एकही नाही. छापखाना असणं पुरेसं नसतं, मालकाला बातमी नकोशी असेल तर तो असून नसल्यासारखा.

मग परत रस्ता क्रमांक १, आणि ओक्स्नादाल्सहेइदीचा घाट उतरून ओक्स्नादालुर खोरं. डाव्या हाताला ह्रॉयन्द्रान्गी हा सुळका दिसला की थांबावं. त्याच्या पायथ्याशी ह्रॉयन नावाचं शेतघर आहे, कवी योनास हाल्ग्रिम्सोनचं जन्मस्थान. योनास, कोन्राद गिस्लासोन, ब्रिन्योल्फुर पेतुर्सोन आणि तोमास सैमुन्द्सोन या चौघांनी १८३५ मध्ये ‘फ्योल्निर’ काढलं. छपाई अर्थातच कोपनहेगनला. १८४७ पर्यंत, मध्ये खंड पडत, नऊ अंक. वार्षिकच म्हणायचं. पण भाषेवर त्याचा इतका परिणाम झाला की त्याच्या आधीचं आइसलँडिक गद्य आज वाचलं तर परकं वाटतं. १८३७ मध्ये योनासने लोकप्रिय कवी सिगुर्दुर ब्रेइद्फ्योर्दच्या पोवाडेवजा काव्याचं असं वाभाडं काढलं की तो काव्यप्रकारच खाली बसला, असं मानतात. कोन्रादने दुसऱ्या अंकात उच्चाराबरहुकूम शुद्धलेखन वापरून बघितलं. वाचक वैतागले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. मासिकाने वाचकाला एकाच वेळी नवा विचार आणि नवं शुद्धलेखन देऊ नये, हे त्यांना महागात पडून कळलं.

बुधवार, आकुरेयरी

देशातला दुसरा छापखाना इथला. विदेयहून रेक्याविकला गेलेला सरकारी छापखाना उत्तरेच्या लोकांना लांब आणि नकोसा. त्यांनी वर्गणी गोळा केली, १८५२ मध्ये परवानगी मिळवली आणि जानेवारी १८५३ मध्ये ‘नोर्द्री’ सुरू केलं. दुसरा छापखाना का लागला हे कळायला १८५० ची एक हकिगत पुरेशी आहे. रेक्याविकमध्ये १८४८ च्या नोव्हेंबरात स्वेइनब्योर्न हाल्ग्रिम्सोनने ‘थ्योदोल्फुर’ सुरू केलं होतं. राजकारणावर उघड लिहिणारं हे पहिलं पत्र. छापखाना एकच आणि तो अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. १८५० मध्ये त्यांनी छपाई नाकारली. खटला नाही, दंड नाही. नुसतं यंत्र मिळणार नाही एवढंच. स्वेइनब्योर्न जहाजाने कोपनहेगनला गेला आणि तिथे अंक छापून घेतला. नाव एक अक्षरगट बदलून ‘ह्ल्योदोल्फुर’. वाचकांना काय समजायचं ते समजलं. ‘थ्योदोल्फुर’ पुढे पुन्हा सुरू झालं आणि विसाव्या शतकापर्यंत टिकलं. मुद्रणस्वातंत्र्याचा हुकूम निघाला १८५५ मध्ये.

आकुरेयरीत बघण्याची जागा म्हणजे ब्रेक्कुगातावरचं आम्त्सबोकासाफ्न हे ग्रंथालय, स्थापना १८२७. देशात छापलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत कायद्याने इथे जमा होते. राजधानीतलं ग्रंथालय जळालं तरी एक संच उरावा, हा हेतू. सकाळी जाऊन वर्तमानपत्रांच्या जागेवर बसलं तर गावातली वडीलधारी मंडळी कॉफी घेत अंक चाळताना दिसतात. ‘नोर्द्री’, ‘नोर्दान्फारी’ (१८६२ ते १८८५) आणि ‘दागुर’ यांचे बांधलेले खंड मागवता येतात. ‘दागुर’ १९१८ चं, सहकारी चळवळीच्या गोतावळ्यातलं, पुढे दैनिक झालं. १९९६ मध्ये रेक्याविकच्या ‘तीमिन’शी जोडलं गेलं आणि २००१ मध्ये बंद पडलं. उत्तरेला त्यानंतर स्वतःचं दैनिक लाभलं नाही.

गुरुवार, सेयदिसफ्योर्दुर

आकुरेयरी ते एगिल्स्तादिर सुमारे २५० किमी, तिथून फ्यार्दारहेइदीचा घाट, उंची ६०० मीटरच्या वर, मग वळणावळणांनी खाली सेयदिसफ्योर्दुर. हा घाट धुक्याने आणि बर्फाने वर्षातून अनेकदा बंद होतो. रस्ते खात्याचा नकाशा निघताना पुन्हा बघावा, सकाळचा बघितलेला पुरत नाही.

गाव साडेसहाशे वस्तीचं. १८९६ मध्ये इथून एकाच वेळी तीन पत्रं निघत होती, हे वाचून खरं वाटत नाही. कारणं साधी. युरोपहून येणारं जहाज आधी इथे लागे, नॉर्वेजियन हेरिंगवाल्यांचा पैसा गावात होता, आणि बातमी रेक्याविकच्या आधी इथे उतरे. ‘ऑयस्त्री’ १८९१ पासून स्काप्ती योसेप्सोन चालवत होता. त्याची बायको सिग्रिदुर थोर्स्तेइन्सदोत्तिर आणि मुलगी इंगिब्योर्ग स्काप्तादोत्तिर यांनी ८ जानेवारी १८९५ ला ‘फ्राम्सोक्न’ काढलं. देशातलं हे स्त्रियांचं पहिलं पत्र. घरातच छापखाना होता, तेव्हा यंत्र मिळेल का हा प्रश्नच नव्हता. रेक्याविकमध्ये ब्रीएत ब्यार्नहेदिन्सदोत्तिरचं ‘क्वेन्नाब्लादिद’ २१ फेब्रुवारीला आलं, म्हणजे सहा आठवड्यांनी. पुढचं श्रेय मात्र बहुतेक ब्रीएतच्याच पदरात पडलं. तिचं पत्र टिकलं, शिवाय तिने स्त्रियांच्या मताधिकाराची संघटना उभी केली. तिसरं ‘ब्यार्की’, १८९६ चं, पहिला संपादक कवी थोर्स्तेइन एर्लिंग्सोन.

बंदरालगतच्या जुन्या तारघरापाशी थांबावं. शेटलंड आणि फेरो बेटांवरून आलेली समुद्री तार १९०६ च्या ऑगस्टमध्ये इथे किनाऱ्याला लागली. इथून आकुरेयरीमार्गे रेक्याविकपर्यंत सुमारे ६१५ किमी तारमार्ग, चौदा हजारांच्या आसपास खांब, २९ सप्टेंबर १९०६ ला सुरू. त्याआधीची बाचाबाची वर्तमानपत्रांनीच पेटवली होती. ‘ईसाफोल्ड’ आणि विरोधी गटाची पत्रं म्हणत, समुद्री तार कशाला, मार्कोनीचा बिनतारी संदेश स्वस्त पडेल. मार्कोनीच्या लोकांनी रेक्याविकमध्ये खांब उभारून २६ जून १९०५ ला इंग्लंडहून संदेश घेऊनही दाखवला. १ ऑगस्टला दोनशेवर शेतकरी घोड्यांवरून राजधानीत निषेधाला आले. सरकारने ऐकलं नाही. खांब उभे राहिले आणि एक परिणाम कोणीच धरला नव्हता तो झाला. परदेशची बातमी तासाभरात रेक्याविकला पोचू लागल्यावर सेयदिसफ्योर्दुरच्या पत्रांची आधी मिळणारी बातमी संपली. ‘ऑयस्त्री’ १९१७ मध्ये थांबलं. उलट रेक्याविकमध्ये रोज ताजा मजकूर येऊ लागल्यावर दैनिकं शक्य झाली. १९१० मध्ये ‘वीसिर’, १९१३ मध्ये ‘मोर्गुनब्लादिद’.

गावातलं तांत्रिक वारसा संग्रहालय १८ डिसेंबर २०२० च्या दरड कोसळण्यात सापडलं. मोठं नुकसान झालं. काय खुलं आहे ते आधी विचारून जावं.

शुक्रवार, रेक्याविकमध्ये

एगिल्स्तादिरहून विमान तासाभरात पोचवतं. गाडी तिथेच सोडली तर एकेरी भाड्याचा अधिभार पडतो, तरीही साडेसहाशे किमी परत येण्यापेक्षा परवडतं.

दुपारी जुन्या गावात फिरायचं. आदाल्स्त्राइती ६ ही विसाव्या शतकातली उंच इमारत एके काळी ‘मोर्गुनब्लादिद’ची. त्याच रस्त्यावर १२ क्रमांकाचं लाकडी घर म्हणजे ‘ईसाफोल्ड’चा छापखाना. मूळचं ऑयस्तुरस्त्राइतीवरचं, नंतर इथे हलवलेलं. ब्योर्न योन्सोनने ‘ईसाफोल्ड’ १८७४ मध्ये सुरू केलं आणि १८७७ मध्ये स्वतःचा छापखाना घातला. त्याचा मुलगा ओलाफुर आणि विल्ह्यालमुर फिन्सेन यांनी २ नोव्हेंबर १९१३ ला ‘मोर्गुनब्लादिद’ काढलं, तेही याच छापखान्यात. वडिलांचं यंत्र हाताशी नसतं तर दैनिकाचा पहिला महिनाच खर्चाने बुडाला असता. थिंगहोल्त्सस्त्राइतीवर ब्रीएतचं स्मारक आहे, तिच्या घराजवळच.

शनिवार, सीदुमूली

पर्यटक इथे फिरकत नाहीत. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं, कचेऱ्या, फरशीवाले. पण १९७० नंतरची आइसलँडिक पत्रकारिता या एका रस्त्यावर घडली. तोवर प्रत्येक पक्षाचं आपलं दैनिक होतं. प्रगतीवाल्यांचं ‘तीमिन’ (१९१७), समाजवादी लोकशाहीवाल्यांचं ‘अल्थिदुब्लादिद’ (१९१९), डाव्यांचं ‘थ्योद्विल्यिन’ (१९३६), उजव्यांकडे झुकणारं ‘वीसिर’. रोज एकमेकांचे वाभाडे. पण ऑफसेट यंत्र आलं आणि ते कोणा एकाला परवडेना. मग चौघांनी मिळून ‘ब्लादाप्रेंट’ काढला आणि १९७२ पासून एकाच यंत्रावर छापू लागले. साम्यवादी अग्रलेख आणि भांडवलवादी अग्रलेख, शाई एक, रीळ एक. सामायिक यंत्राला वेळापत्रक पाळावंच लागतं. एकाचं पान उशिरा आलं की मागच्या सगळ्यांचा खोळंबा. १९७५ मध्ये ‘वीसिर’ फुटून योनास क्रिस्त्यान्सोनचं ‘दागब्लादिद’ निघालं, १९८१ मध्ये दोन्ही पुन्हा एक होऊन ‘दे-वे’ झालं. पक्षांची दैनिकं नव्वदच्या दशकात एकेक करून संपली. ‘थ्योद्विल्यिन’ १९९२ मध्ये.

मग २००१ मध्ये ‘फ्रेत्ताब्लादिद’ आलं. पूर्ण फुकट, पहाटे प्रत्येकाच्या दारात. उत्पन्न फक्त जाहिरातीचं, म्हणून सगळा डोलारा घरपोच वाटपावर उभा. जाहिरातदार बातमी विकत घेत नाही, दारं विकत घेतो. कागद महागला, वाटप महागलं, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये घरपोच वाटप थांबवून अंक दुकानं आणि पंपांवरच्या खोक्यांत ठेवायला सुरुवात झाली. ३१ मार्च २०२३ ला पत्र बंद. जेमतेम तीन महिने निघाले. रोज छापील निघणारं पत्र आता ‘मोर्गुनब्लादिद’ एकटंच. २००९ मध्ये माजी पंतप्रधान दाविद ओद्सोन त्याचे संपादक झाले तेव्हा अनेकांनी वर्गणी तोडली, तरी त्याने तग धरला. त्याचं एक कारण राजकारणाशी संबंधित नाही. अंत्यविधीच्या दिवशी त्या माणसाविषयी नातलग, शेजारी, सहकारी यांनी लिहिलेले लेख तिथे छापून येतात, एकेकाचे पाच-सहा लेख, शब्दमर्यादेत. त्या पानांसाठी विरोधकही अंक घेतात.

किराणा दुकानाच्या दाराशी एक जाडजूड फुकट अंक दिसेल, तो उचलावा. शेतकरी संघटनेचा ‘बैन्दाब्लादिद’, १९९५ पासून पाक्षिक. ट्रॅक्टर, लोकर, दूध, विणकामाचे नमुने. शहरातले लोकही तो वाचतात, आणि वाटप जिथे लोक येतातच तिथे असल्याने त्याला दारोदार फिरावं लागत नाही. शोधपत्रकारितेत ‘स्तुन्दिन’ (२०१५) आणि ‘क्यार्निन’ (२०१३) एकत्र होऊन जानेवारी २०२३ मध्ये ‘हेइमिल्दिन’ झालं. आज चालू असलेल्यांत सगळ्यांच्या आधीचं ‘स्किर्निर’, १८२७ चं, साहित्य संस्थेचं वार्षिक म्हणून सुरू झालं आणि वर्षाला दोन अंक देत अजून चालू आहे. जुनी मासिकं हवी असतील तर शनिवार-रविवारी भरणाऱ्या कोलापोर्तिद बाजारात ‘विकान’चे (१९३८ पासून) गठ्ठे मिळतात.

सोमवार, राष्ट्रीय ग्रंथालय

रविवार मधे जाऊ द्यावा. आर्न्ग्रिम्सगाता ३, लाल चौकोनी इमारत, १ डिसेंबर १९९४ ला उघडली. पण इथे यायच्या आधी घरूनच ‘तिमारित डॉट आयएस’ उघडावं. आइसलँड, फेरो आणि ग्रीनलंडची जुनी पत्रं तिथे पान न् पान फुकट आहेत. वर लिहिलेली जुनी पत्रं बहुतेक सगळी सापडतात. ‘ह्ल्योदोल्फुर’सुद्धा.

शोधात लोक चार ठिकाणी अडकतात. पहिलं, विभक्ती. मराठीत ‘घोडा’ शोधून ‘घोड्याला’ सापडत नाही, तसंच तिथे, आणि माणसांची नावंही विभक्तीप्रमाणे बदलतात. ‘योन सिगुर्दसोन’ षष्ठीत ‘योन्स सिगुर्दसोनार’ होतो, ‘आन्ना’ चतुर्थीत ‘ओन्नू’ होते, म्हणजे पहिलं अक्षरच बदलतं. शेवट बदलत असेल तर शब्दाच्या मुळाशी तारा (*) लावावी. सुरुवात बदलत असेल तर दोन्ही रूपं वेगवेगळी शोधावीत. दुसरं, शुद्धलेखन. झेड हे अक्षर १९७३-७४ मध्ये काढून टाकलं, त्याआधीचे अंक शोधताना एसच्या जागी झेड घालून पुन्हा बघावं. ‘मी’ या अर्थाचा शब्दही कधी ‘ये’ने, कधी नुसत्या ‘ए’ने लिहिलेला असतो. तिसरं, गॉथिक खिळा. त्यातला लांब एस संगणक एफ म्हणून वाचतो आणि थोर्नला पी किंवा बी समजतो. १८५० पूर्वीचं काही सापडलं नाही तर ते नाही असं धरू नये, त्या वर्षाचे अंक एकेक उघडून बघावेत. चौथं, आडनावं. बहुतेकांची ती बापाच्या नावावरून पडलेली असल्याने एकाच नावाची डझनभर माणसं निघतात. गाव किंवा शेतघराचं नाव जोडलं की गाळण होते.

प्रत्यक्ष खंड मागवायचा तो यानंतर, स्कॅन अस्पष्ट असेल, कडा कापली गेली असेल किंवा जाहिरातीचं पान गायब असेल तेव्हाच. बांधणी करताना पुरवण्या आणि मलपृष्ठं काढून टाकायची जुनी खोड तिथेही होती. मागणीचिठ्ठीवर वर्ष, अंक क्रमांक आणि पान लिहावं. पेन बाहेर ठेवावं, पेन्सिल चालते, फ्लॅश चालत नाही.